सौर ऑडिओ प्लेअर, मराठी नवा करार आणि स्तोत्रं: मालवणातून एक अभिप्राय

ज्यांच्या घरात डोळ्यांनी आता वाचवत नाही असं म्हातारं माणूस आहे, आणि त्या माणसाला मरणापेक्षा मरणानंतरच्या हिशेबाची भीती जास्त वाटते, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहिते आहे. बाकीच्यांनी मोबाईलवरचं मोफत अ‍ॅप वापरावं. मजकूर तोच असतो आणि पैसेही वाचतात.

यंत्र हाताच्या पंजाएवढं आहे. काळं प्लास्टिक, पुढे जाळीमागे स्पीकर, पाठीवर सौर पट्टी, टोकाला टॉर्च आणि पाच मोठी उठावदार बटणं. आत मराठी नवा करार पूर्ण आहे, मत्तयपासून प्रकटीकरणापर्यंत 27 पुस्तकं, 260 अध्याय. शिवाय 150 स्तोत्रं. खोक्यावर कंपनीचं नाव कुठेही नाही. चर्चच्या आवारात सणाला लागणाऱ्या स्टॉलवर असे प्लेअर दोन-तीन रंगांत असतात, त्यातलाच हा. मला 1,650 रुपयांना पडला. इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, जाहिरात येत नाही. माझ्या पपांची बोटं आयुष्यभर रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर ओढून इतकी राठ झालीत की मोबाईलच्या काचेला त्यांचा स्पर्शच कळत नाही. हे बटण मात्र दाबलं की दाबलं जातं, आणि अंधारात चाचपूनही सापडतं.

आवाजाबद्दल आधी सांगते, कारण अशा वस्तूत आवाज फसला तर सगळंच फसतं. मी आमच्या चर्चमध्ये मिस्सेला (मुख्य उपासनेला) पाठ वाचते. शास्त्र मोठ्यानं वाचताना माणूस कुठे घसरतो ते मला चांगलं ठाऊक आहे. दयेच्या ओळी आल्या की गळा काढायचा आणि शिक्षेच्या ओळी आल्या की दटावायचं, हा मोह फार मोठा असतो. या ध्वनिमुद्रणातला निवेदक तसं करत नाही. ‘बाहेरच्या अंधारात टाका’ हे वाक्यसुद्धा तो ओरडत नाही, सरळ सांगतो, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याला टाळता येत नाही. येशूचं बोलणं वेगळ्या आवाजात आहे. तो आवाज थोडा संथ, पण ठाम आहे. शिष्य, परुशी (कर्मठ धर्मपंथाचे लोक), गर्दीतली माणसं, सगळ्यांना वेगवेगळे आवाज दिलेत, त्यामुळे कोण कोणाशी बोलतंय ते न सांगता समजतं. वादळाच्या प्रसंगात पाठीमागे वारा आणि लाटा घातल्यात. ते पपांना मुळीच पटलं नाही. पन्नास वर्षं दर्यात काढलेल्या माणसाला तो वारा खोटा वाटणारच. माझी खरी तक्रार मात्र प्रेषित पौलाच्या पत्रांबद्दल आहे. तिथे मागे सतत मंद संगीत वाजत राहतं. रोमकरांस पत्र हे कान देऊन, एकेक वाक्य धरत ऐकण्याचं लिखाण आहे. त्याच्या मागे वाद्यं नको होती.

आता पपांबद्दल, त्यांच्या परवानगीनं. ते ऐंशी ओलांडलेले आहेत. चौथीपर्यंत शिकले, पण हिशेबाला पक्के, म्हणून आमच्या रापणीच्या वाट्यांची वही वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला काचबिंदू आहे. मागच्या वर्षी हृदयाचा त्रास झाला, इस्पितळातून घरी आले, आणि तेव्हापासून त्यांची झोप गेली. मध्यरात्री उठून खाटेवर बसायचे. आम्हाला वाटलं छातीत दुखतंय. मग एकदा म्हणाले, “माका मराची भीती नाय गो. थय गेल्यार विचारतले, ता काय सांगू?”

आपण दर रविवारी श्रद्धेची घोषणा म्हणतो आणि त्यात येशू जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल असं म्हणतो. मी ते लहानपणापासून म्हणत आले आहे. त्या ओळीत माझा बाप उभा आहे असं मला कधी दिसलं नव्हतं.

त्याच सुमारास कोणीतरी त्यांना मोबाईलवर व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली होती. एकात आग, किंकाळ्या आणि पार्श्वसंगीत. दुसऱ्यात जगाच्या अंताची तारीखच दिलेली. तिसऱ्यात एक गुळगुळीत आवाज सांगत होता की देव प्रेम आहे, कशाचीच काळजी करू नका. पपा आगीचा व्हिडिओ बघून घाबरायचे आणि गुळगुळीत आवाजाला म्हणायचे, ह्याला माझं काय माहीत? तिन्ही व्हिडिओ बनवणाऱ्यांचा मला राग आहे. मत्तयाच्या 24 व्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो की तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कोणालाच ठाऊक नाही. मग तारीख वाटणारे हे कोण? आणि न्यायच नाही असं सांगून म्हाताऱ्या माणसाची समजूत काढणारे तरी कोण? पपांना समजूत नको होती. त्यांना उत्तर हवं होतं.

या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण मला इथे कळला. हे यंत्र निवड करत नाही. बटण दाबलं की मत्तय पहिल्या अध्यायापासून सुरू होतो आणि थांबवलं तर पुढच्या वेळी तिथूनच चालू होतो. गोड ओळी वेगळ्या काढून दिलेल्या नाहीत, कडक ओळी गाळलेल्या नाहीत. आम्ही कॅथलिक माणसं आयुष्यभर शास्त्र ऐकतो, पण तुकड्यातुकड्यांनी. रविवारच्या पाठांचं चक्र तीन वर्षांचं असतं. एका वर्षी मत्तय, पुढच्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. ते चक्र सुंदर आहे, त्याबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. पण त्यात एक अध्याय आज आला तर त्याचा जोड कधी येईल सांगता येत नाही.

उदाहरण पपांचंच. मत्तयाच्या 13 व्या अध्यायात जाळ्याचा दाखला आहे. समुद्रात जाळं टाकतात, त्यात हरतऱ्हेचं येतं, भरल्यावर किनाऱ्याला ओढतात, बसून चांगलं ते भांड्यांत गोळा करतात आणि वाईट ते फेकून देतात. युगाच्या शेवटी असंच होईल, देवदूत येऊन नीतिमानांतून दुष्टांना वेगळं करतील, असं येशू सांगतो. हा दाखला मत्तयाच्या वर्षात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतो. आमच्याकडे तेव्हा मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात. शिवाय त्या दिवशीच्या शुभवर्तमानाचं एक लहान रूप वाचायची मुभा आहे, आणि त्या लहान रूपात नेमका हा दाखला वगळलेला असतो. त्यामुळे असेल किंवा लक्ष नसेल, पण पपांनी तो दाखला नीट असा पहिल्यांदा या यंत्रावर ऐकला.

खाटेवर ताठ बसले. “ह्या आमच्या रापणीचाच सांगता मा गो?”

रापणीचंच होतं. चिवल्याच्या किनाऱ्यावर ज्यांनी रापण ओढताना पाहिली असेल त्यांना समजावायला नको. होडी अर्धगोल फिरून जाळं सोडते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगा धरतात, आणि मग बाईमाणसांसकट सगळे ओढत राहतात. जाळं वाळूवर आलं की निवडायला बसायचं. बांगडे, तारली, पेडवे एकीकडे. केंड (फुगणारा विषारी मासा), जेलीफिश, शेवाळ दुसरीकडे. केंड जाळ्यात असताना कोणी हटकत नाही, ते बांगड्याच्या शेजारीच असतं. वाळूवर आल्यावर मात्र त्याला ढिगात जागा नाही. पपांनी हे काम इतक्या वेळा केलंय की त्यांना त्या दाखल्याचा अर्थ फादरांनी सांगायची गरज नव्हती. त्यांनी दोनदा परत लावायला सांगितला आणि विचारलं, “मी खयच्या ढिगात जातलंय?”

मी काही बोलले नाही. पुढे मत्तयाचा 25 वा अध्याय आला, मेंढरं आणि शेरडं वेगळी करणारा राजा आला, ‘मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिलं नाही’ आलं, आणि पपांनी स्वतः बटण दाबून बंद केलं. बरेच दिवस यंत्र खिडकीत तसंच पडून होतं. त्या काळात मलाही वाटलं की पैसे वाया गेले, वर म्हाताऱ्या माणसाला आपण छळतोय.

त्यांनी का बंद केलं ते त्यांनीच एका संध्याकाळी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, होडी उलटून गेला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. प्रेत मिळालं नाही. आमच्या रापणीत ठरलेलं होतं की दर्यात गेलेल्याच्या घरी त्या हंगामाचा पूर्ण वाटा द्यायचा. पपांनी काकीला अर्धा दिला आणि वहीत पूर्ण लिहिला. त्या वर्षी आमच्या घराचं छप्पर गेलं होतं, पैसे तिथे लागले. काकी काही बोलली नाही, तिला बहुतेक ठाऊकच होतं. इतकी वर्षं ती आमच्या शेजारी राहते, नाताळाला नेवऱ्या पाठवते. ‘मी भुकेला होतो’ हे ऐकताना पपांना काकीचं घर दिसत होतं.

पुढचा भाग मी जास्त लिहिणार आहे, कारण मला या यंत्राबद्दल जे सांगायचंय ते इथेच आहे.

यंत्र पुन्हा सुरू झालं ते त्यांच्याच हातानं. मार्क लवकर संपला, 16 अध्यायच आहेत. मग लूक. लूकच्या 18 व्या अध्यायात मंदिरातला जकातदार आहे, जो वर बघायलाही धजत नाही, छाती पिटत म्हणतो, हे देवा, मज पाप्यावर दया कर, आणि परुशी नाही तर तोच नीतिमान ठरून घरी जातो. लगेच 19 व्यात जक्कय. तोही जकातदार, त्यांचा मुख्य, पैसेवाला, बुटका, येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. जक्कय उभा राहून सांगतो की अर्धं धन गरिबांना देतो आणि कोणाकडून अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. आणि येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं आहे.

पपांनी बोटांवर हिशेब मांडला. त्या हंगामाचा अर्धा वाटा, त्याच्या चौपट, आजच्या भावानं किती. मी त्यांना थांबवलं आणि तो प्रसंग पुन्हा लावला. आधी काय घडतं? येशू त्याला नावानं हाक मारतो आणि त्याच्या घरी जातो. पैशाचं बोलणं त्यानंतर येतं. जक्कयनं आधी भरपाई करून मग येशूला बोलावलेलं नाही. पपा गप्प राहिले. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मीही वाद घातला नाही.

मग 23 वा अध्याय आला. येशूबरोबर दोन गुन्हेगार क्रुसावर आहेत. एक टोमणे मारतो. दुसरा त्याला दटावतो, आपल्याला आपल्या कृत्यांचं फळ मिळतंय, ह्यानं काही अयोग्य केलं नाही, आणि मग येशूला म्हणतो, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर. येशू त्याला सांगतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. यंत्रावर हा प्रसंग अगदी साधा वाचलाय. इथे मागचं संगीतही थांबतं, त्याबद्दल मुद्रण करणाऱ्यांचे आभार.

“त्या चोरान खय कोणाचा काय परत दिल्यान?” पपा म्हणाले.

हाच तो प्रश्न. जक्कय आणि हा गुन्हेगार एकाच पुस्तकात, चार अध्यायांच्या अंतरानं आहेत. एकाला भरपाई करता आली, त्यानं केली. दुसऱ्याचे हात खिळलेले होते, त्याला काहीच करता आलं नाही. तारण दोघांनाही मिळालं. सलग ऐकल्याशिवाय हे दोघं असे शेजारी येत नाहीत. नुसता जक्कय ऐकला असता तर पपांनी काकीला पैसे देऊन देवाशी व्यवहार मिटला असं मानलं असतं. नुसता गुन्हेगार ऐकला असता तर पैसे द्यायची गरज नाही असं मानलं असतं. आणि आधी मत्तयातलं जाळं आणि शेरडं ऐकली नसती तर या दोघांकडे त्यांचं लक्षही गेलं नसतं. ज्याला आपण वाळूवर निवडले जाणार आहोत हे कळलंय, त्यालाच ‘आज’ या शब्दाची किंमत कळते.

योहान हा त्यानंतर ऐकायलाच हवा असा आहे. 3 ऱ्या अध्यायातली सोळावी ओळ सगळ्यांना पाठ असते, पपांनाही होती. त्यांना धरून ठेवलं ते 5 व्या अध्यायातल्या चोविसाव्या ओळीनं. जो येशूचं वचन ऐकतो आणि त्याला पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवतो त्याला सार्वकालिक जीवन प्राप्त झालं आहे, त्याच्यावर न्यायाचा प्रसंग येणार नाही, तो मरणातून जीवनात पार गेला आहे. प्राप्त होईल असं नाही म्हटलेलं. झालं आहे. मी ती ओळ मागे घेऊन घेऊन लावली. या यंत्राची एक मोठी अडचण इथे लागते. ते अध्यायापर्यंत नेतं, ओळीपर्यंत नेत नाही. मागे जाण्याचं बटण दाबून ठेवलं तर अदमासानं सरकतं. बहुतेक वेळा फार मागे जातं आणि तळ्याकाठचा अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस पुन्हा ऐकावा लागतो. पपांना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं.

रोमकरांस पत्र यंत्रावर समजायला अवघड आहे. वाक्यं लांब आणि मागे ते संगीत. तिथे मी माझं छापील बायबल घेऊन बसले आणि थोडंथोडं वाचून दाखवलं. 3 ऱ्या अध्यायात पौल जे सांगतो ते हिशेबनीस माणसाला लवकर उमगलं. देव पाप वहीतून खोडून टाकत नाही. तसं केलं तर तो न्यायी कसला? आणि काकीच्या बाजूनं कोण उभं राहणार? शिक्षा खरीच आहे. ती ख्रिस्तानं आपल्या रक्तानं स्वतःवर घेतली, म्हणून देव स्वतः न्यायी राहतो आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमानही ठरवतो. आणि मग 8 व्या अध्यायाची पहिली ओळ, जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही. मला स्वतःला या दोन अध्यायांइतकं दुसरं काही प्रिय नाही. मी ते वाचताना माझाही आवाज नीट राहिला नाही.

बाजारात भेटणाऱ्या, दुसऱ्या मंडळीत जाणाऱ्या एक बाई मला नेहमी सांगतात की तुम्ही कॅथलिक लोक कर्मांवर तारण मोजता, म्हणून तुम्हाला शांती नाही. हे मी फादरांना विचारलं. ते म्हणाले, ह्या वादाबद्दलच्या एका संयुक्त घोषणेवर कॅथलिक चर्च आणि (प्रोटेस्टंट) ल्युथेरन जागतिक महासंघानं 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत आउग्सबुर्ग इथे सही केली आहे. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपलं हृदय नवं करून आपल्याला सत्कर्मांसाठी बोलावतो, असं दोघांनी मिळून म्हटलंय. 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात आले. बाईंना मी हे सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं, आणि त्या पहिल्यांदाच माझ्याशी भांडल्या नाहीत.

पपा त्या आठवड्यात चर्चला जाऊन कुमसार (फादरांजवळ पापांची कबुली) करून आले. आत काय बोलले ते मला माहीत नाही, ते विचारायचंही नसतं. येताना सरळ काकीकडे गेले. मी बरोबर होते, कारण त्यांना पायरी दिसत नाही. चौपट जमलं नाही. जमलं तेवढं पाकिटात घातलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं, छपराचं सुद्धा. काकी म्हणाली, “आज तरी बोललात, भावोजी. मोजून घेतंय हां, वायट वाटून घेव नकात.” आणि तिनं खरोखर मोजून घेतले. मला ते फार योग्य वाटलं.

झोप त्या रात्रीपासून आली असं मी लिहिणार नाही, तसं झालं नाही. हळूहळू आली. मध्यरात्री अजूनही उठतात, पण आता बटण दाबतात. प्रेषितांच्या कृत्यांतला 27 वा अध्याय त्यांच्या आवडीचा आहे. पौलाचं गलबत चौदा रात्री वादळात भरकटतं, मागून चार नांगर टाकतात, गलबत फुटतं आणि 276 माणसं पोहत, फळ्यांवर तरंगत मेलिता बेटाला सुखरूप लागतात. खोट्या वाऱ्यासकट ऐकतात. त्याआधीचा 16 वा अध्याय मला आवडतो. फिलिप्पैच्या तुरुंगाचा अधिकारी भूकंपानंतर थरथरत विचारतो, माझं तारण व्हावं म्हणून मी काय करावं, आणि उत्तर एका वाक्याचं असतं, प्रभू येशूवर विश्वास ठेव. त्यानंतर तो अधिकारी काय करतो ऐका. ज्यांच्या पाठी फोडल्या होत्या त्यांच्या जखमा त्याच रात्री धुतो.

प्रकटीकरणाबद्दल सावध करायला हवं. ते लहान मुलांसमोर किंवा आजारी माणसाला एकट्याला लावून देऊ नका, जवळ बसा. ध्वनिमुद्रणात तिथे शिंगं, गडगडाट, सगळं आहे. 20 व्या अध्यायात मोठं पांढरं राजासन येतं, पुस्तकं उघडली जातात आणि मेलेल्यांचा न्याय त्या पुस्तकांत लिहिलेल्यावरून होतो. वहीत खोटं लिहिलेल्या माणसासाठी ही ओळ काय असेल ते मी पपांच्या चेहऱ्यावर पाहिलं. पण तिथेच दुसरं एक पुस्तक उघडतं, जीवनाचं, आणि त्यात नोंद असते ती नावांची. आणि मधेच एक ओळ येते की समुद्रानं आपल्यातले मेलेले परत दिले.

“म्हणजे दर्या माझ्या भावाक पण परत देतलो?”

हो म्हटलं, पपा, तसंच लिहिलंय.

पुढचा अध्याय सुरू झाला, नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि ‘समुद्रही राहिला नाही’. यावर पपा खरोखर नाराज झाले. समुद्र नाही तर मग आम्ही करणार काय, असं त्यांनी फादरांनाही विचारलं. फादरांनी सांगितलं की त्या पुस्तकात श्वापद समुद्रातून वर येतं, समुद्र म्हणजे तिथे भीती आणि मरण. पपांनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालेलं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही, आणि त्यानं आमच्या विश्वासाला काही बाधा आली असं मला वाटत नाही.

आता वस्तूच्या उणिवा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे सौर पट्टीचा उपयोग शून्य आहे, वायर लावूनच चार्ज करावं लागतं. चार्जिंगचं भोक उघडं आहे, झाकण नाही. खाऱ्या हवेत त्यातल्या पितळेवर लवकरच हिरवट थर आला. मी आता भोकावर चिकटपट्टी लावते आणि आठवड्यातून एकदा कापसानं कोरडं पुसते. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांना हा त्रास होणार नाही. बॅटरी पूर्ण भरली की रात्रभर पुरते. आवाज घरात भरपूर आहे, पण चालू इंजिनाच्या होडीवर काहीच ऐकू येत नाही. हेडफोन लावायची सोय आहे, ती चांगली. टॉर्च मिणमिणता आहे, त्याच्या भरवशावर पायरी उतरू नका.

मोठी उणीव म्हणजे जुना करार नाही. यशयाचा 53 वा अध्याय, ज्यात आमच्या अपराधांमुळे घायाळ झालेल्या सेवकाचं वर्णन आहे, तो नसताना रोमकरांस पत्र अर्धंच कळतं. प्रेषितांच्या कृत्यांत 8 व्या अध्यायात कूशी (इथिओपियाचा) षंढ रथात बसून त्यातल्या दोन ओळी वाचतो, त्या या यंत्रात ऐकायला मिळतात, पण पूर्ण अध्याय नाही. आणि योना नाही. देवापासून जहाजात बसून पळणारा माणूस, खवळलेला दर्या, आणि शेवटी पूर्ण निनवे शहराला मिळालेली माफी, हे कोकणातल्या माणसाला द्यायलाच हवं होतं. पूर्ण बायबल असलेला प्लेअरही येतो असं स्टॉलवाल्यानं सांगितलं, पण तेव्हा त्याच्याकडे नव्हता.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा उघड्या भोकासाठी आणि पत्रांमागच्या संगीतासाठी कापला. घेणार असाल तर पावसाळ्याआधी घ्या, दुकानातच पूर्ण आवाजात लावून बघा, आणि म्हाताऱ्या माणसाला देणार असाल तर पहिले काही दिवस त्यांच्या शेजारी बसा, विशेषतः मत्तयाच्या 25 व्या अध्यायाला. काकीनंही आता एक मागितलाय. तिला जुना करार असलेलाच आणणार आहे, म्हणजे योना ऐकायला पपा तिच्याकडे जातील.